ट्रॅक्टरचा सेल्फ का फिरत नाही?
बॅटरी व स्टार्टर यांतील दोष ओळखण्याची रीत

पेरणीचा वापसा फार दिवस टिकत नाही. काळ्या जमिनीत तर तो दोन-चार दिवसांचाच असतो. अशा वेळी पहाटे ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी आणि इंजिनाने हूं की चूं करू नये, यासारखी अडचण दुसरी नाही. मग चार माणसे गोळा करून ट्रॅक्टर ढकलला जातो, तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत दिवस जातो, आणि शेवटी दोष बॅटरीच्या माथी मारून नवी बॅटरी आणली जाते. पुष्कळदा पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. कारण दोष बॅटरीत नसून एखाद्या सैल क्लॅम्पमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा ढिल्या पट्ट्यात असतो.

बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतचा विजेचा मार्ग क्रमाने तपासला तर दोष कोठे आहे हे बहुतेक वेळा घरच्या घरी कळते. त्यासाठी पाना, तारेचा ब्रश, मल्टिमीटर व हायड्रोमीटर एवढीच साधने लागतात. ही रीत प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने शिकून घ्यावी. त्यायोगे पैसा व वेळ तर वाचेलच, पण घाईत केल्या जाणाऱ्या एका जीवघेण्या उपायाचाही मोह होणार नाही.

रचना व कार्य

ट्रॅक्टरमध्ये सामान्यतः शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी असते. हा प्रकार प्रथम १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केला. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ कप्पे असून प्रत्येक कप्प्याचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. कप्प्यात शिशाच्या संयुगाच्या व शुद्ध शिशाच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरीतून वीज घेतली म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होत जाते. बॅटरी चार्ज केली की ही क्रिया उलट घडते. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली तर ते सल्फेट कठीण होऊन बसते आणि मग चार्जिंग करूनही पूर्वीची शक्ती परत येत नाही.

स्टार्टरकडे जाणाऱ्या विजेचे दोन मार्ग असतात. लहान मार्ग किल्लीतून, गिअर न्यूट्रलमध्ये आहे किंवा क्लच दाबला आहे हे पाहणाऱ्या सुरक्षा स्विचमधून सोलेनॉइडकडे जातो. मोठा मार्ग जाड केबलमधून, सोलेनॉइडच्या संपर्कबिंदूंतून स्टार्टरमध्ये व तेथून ट्रॅक्टरच्या सांगाड्यातून अर्थिंगच्या केबलने बॅटरीत परत येतो. पाटाला पाणी भरपूर असले तरी दारे उघडल्याशिवाय ते सरीत शिरत नाही. त्याप्रमाणे लहान मार्गाने सोलेनॉइड ओढले गेल्याशिवाय मोठ्या मार्गातील वीज स्टार्टरला मिळत नाही. सेल्फ मारताना या मोठ्या मार्गाने शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणून दिवा पेटण्यास पुरेसा असलेला जोडही स्टार्टरला अपुरा पडू शकतो. दिवे लागतात म्हणजे जोड चांगले आहेत, हा समज चुकीचा आहे.

प्रथम डोळ्यांनी पाहावे

कोणतीही वस्तू खोलण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे व पीटीओ बंद आहे याची खात्री करावी. क्लच पूर्ण दाबून पुन्हा एकदा किल्ली फिरवून पाहावी. कित्येक वेळा अडचण एवढ्यानेच सुटते.

त्यानंतर बॅटरीच्या टर्मिनलांकडे पाहावे. त्यांवर पांढरी वा हिरवट-निळसर बुरशीसारखी पूड आढळल्यास जोड खराब झाला असे समजावे. कोकणच्या दमट व खाऱ्या हवेत ही पूड लवकर धरते. क्लॅम्प हाताने पिळून पाहावा. तो किंचितही हलता कामा नये. सेल्फ मारण्याचा प्रयत्न केल्यावर एखादा जोड हाताला गरम लागला तर अडथळा तेथेच आहे. अर्थिंगची केबल सांगाड्याला जेथे बसवलेली असते तेथे चिखल, गंज व रंग साचतो. हे ठिकाण सहज दिसत नाही, म्हणून तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते.

जोड साफ करताना प्रथम अर्थिंगची म्हणजे ऋण केबल काढावी व शेवटी तीच जोडावी. हा क्रम उलटा झाला आणि पाना चुकून सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्याने टर्मिनल धुवावे. त्या वेळी बॅटरीची झाकणे घट्ट बंद असावीत, कारण सोड्याचे पाणी आत गेल्यास आम्ल निकामी होते. नंतर तारेच्या ब्रशाने धातू चकचकीत करावा, साध्या पाण्याने धुऊन कोरडा करावा, क्लॅम्प घट्ट बसवावा आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

आवाजावरून निदान

जोड साफ करूनही इंजिन फिरत नसेल तर पुढचे दिवे लावावेत आणि एका माणसाने दिव्यांकडे पाहत असताना दुसऱ्याने आसनावर बसून किल्ली फिरवावी. आवाज व दिव्याचा प्रकाश या दोहोंवरून पुढीलप्रमाणे अनुमान करता येते.

१. दिवेही लागत नाहीत व आवाजही नाही : बॅटरी पूर्ण उतरलेली आहे, मुख्य जोड तुटला आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे.

२. दिवे प्रखर आहेत, पण आवाज मुळीच नाही : वीज सोलेनॉइडपर्यंत पोहोचत नाही. किल्लीचा स्विच, सुरक्षा स्विच, फ्यूज व सोलेनॉइडची बारीक वायर तपासावी. उंदरांनी वायर कुरतडल्याचे गोठ्याजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरात वरचेवर आढळते.

३. ‘खट’ असा एकच आवाज येतो व दिवे तसेच राहतात : सोलेनॉइड ओढले जाते, पण त्याचे संपर्कबिंदू जळालेले आहेत किंवा स्टार्टरचे कार्बन ब्रश झिजलेले आहेत.

४. ‘खट-खट-खट’ असा सलग आवाज येतो व दिवे मंदावतात : बॅटरी उतरली आहे किंवा मुख्य जोड सैल आहे.

५. इंजिन जड व संथ फिरते : बॅटरी अशक्त, केबलमध्ये अडथळा, स्टार्टरचे बुश झिजलेले, अथवा इंजिनात नेमून दिलेल्यापेक्षा जाड तेल असण्याचा संभव असतो.

६. स्टार्टर गरगर फिरतो, इंजिन मात्र जागचे हलत नाही : स्टार्टरचे पिनियन फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात अडकत नाही किंवा त्याचा एकमार्गी क्लच सरकतो आहे.

७. दातांवर दात घासल्यासारखा खरखराट होतो : पिनियनचे वा कड्याचे दात झिजले आहेत किंवा स्टार्टरचे बोल्ट सैल आहेत. अशा स्थितीत पुनःपुन्हा सेल्फ मारू नये, अन्यथा कडे बदलण्याचा मोठा खर्च अंगावर येतो.

८. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेटत नाही : दोष बॅटरीचा वा सेल्फचा नाही. डिझेल संपणे, डिझेलच्या मार्गात हवा शिरणे, फिल्टर तुंबणे किंवा स्टॉपर ओढलेला राहणे ही कारणे शोधावीत. येथे सेल्फ मारीत राहिल्यास चांगली बॅटरीही उतरते.

एका वेळी १० सेकंदांहून अधिक काळ सेल्फ मारू नये व दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट विसावा द्यावा. स्टार्टर थोडा वेळ प्रचंड शक्ती देण्यासाठी बनवलेला असतो. त्याला सतत फिरवले तर आतील गुंडाळी जळते.

बॅटरीची शक्ती मोजणे

बॅटरीविषयी अंदाज न बांधता मोजमाप करावे. इंजिन बंद करून काही तास, शक्य तर रात्रभर, बॅटरीला विसावा द्यावा व मग मल्टिमीटरने दाब मोजावा. दाब १२.६ व्होल्ट वा थोडा अधिक असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ व्होल्ट म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी व १२.० म्हणजे सुमारे पाव भरलेली असे समजावे. ११.८ व्होल्टच्या खाली ती रिकामीच होय.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. आपल्याकडील उष्ण हवामानात भरलेल्या बॅटरीचे माप सामान्यतः १.२४० ते १.२६० च्या दरम्यान येते. सर्व कप्प्यांचे माप सारखेच पण कमी असेल तर बॅटरी केवळ उतरलेली आहे. ती चार्ज करून घ्यावी, बदलण्याची घाई करू नये. एकाच कप्प्याचे माप इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून अधिक कमी असेल व चार्जिंगनंतरही ते वाढत नसेल, तर तो कप्पा निकामी झाला आहे आणि बॅटरी बदलणे भाग आहे.

दाब चांगला असूनही भार पडताच बॅटरी माघार घेते असे कधी कधी घडते. त्यासाठी सेल्फ मारतानाचा दाब पाहावा. स्टॉपर ओढून इंजिन पेटू न देता काही सेकंद सेल्फ मारला असता भरलेल्या बॅटरीच्या टर्मिनलांवरील दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. तो याहून बराच खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर गरजेपेक्षा अधिक प्रवाह ओढतो आहे.

याच वेळी केबलची परीक्षाही होते. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरे इंजिनाच्या स्वच्छ उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास अर्थिंगच्या मार्गात अडथळा आहे. धन टर्मिनल व स्टार्टरचा मोठा बोल्ट यांच्या दरम्यानही अशीच तपासणी करावी. बॅटरीवर दाब टिकतो, दोन्ही केबल निर्दोष आहेत आणि तरीही स्टार्टर संथ फिरतो, असे ठरले तरच स्टार्टर उतरवून मिस्त्रीकडे न्यावा. ब्रश किंवा बुश बदलून तो बहुधा दुरुस्त होतो.

बॅटरी वरचेवर का उतरते?

चांगली बॅटरी वारंवार उतरत असेल तर तिला मिळणारी वीज व तिच्यातून जाणारी वीज यांचा हिशेब पाहावा. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब यावा. तो १३ व्होल्टच्या खालीच राहिला तर आल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा पट्टा यांत दोष आहे. प्रथम पट्टा पाहावा. इंजिन बंद असताना दोन चाकांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबला असता तो साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. पुष्कळ ट्रॅक्टरांत हाच पट्टा पंखा व पाण्याचा पंप फिरवतो. तो ढिला पडला तर बॅटरी उतरते आणि इंजिनही तापते. उलट, दाब १५ व्होल्टपर्यंत चढत असेल तर पाणी लवकर आटते, पट्ट्या खराब होतात व बॅटरीचे आयुष्य घटते.

खर्चाची बाजूही पाहावी. ऊस वाहतुकीच्या हंगामात शोभेचे दिवे व गाण्याची मोठी यंत्रे लावण्याची प्रथा पडली आहे. मूळ व्यवस्थेत या भाराची तरतूद नसते. कारखान्याच्या रांगेत इंजिन बंद करून गाणी रात्रभर चालू ठेवली तर सकाळी सेल्फ फिरत नाही, यात नवल नाही. जास्तीच्या वायरी कशाही जोडल्याने आगीचाही संभव असतो.

जीवघेणा उपाय टाळावा

किल्लीने सेल्फ फिरत नसला म्हणजे काही जण जमिनीवर उभे राहून स्टार्टरचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने वा पान्याने एकमेकांस जोडतात. हा उपाय कधीही करू नये. यात सुरक्षा स्विच टाळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पेटताच तो पुढे सरकतो, आणि असे करणारा माणूस नेमका मागील मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. मागे हटण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. या रीतीने अनेकांनी प्राण गमावले आहेत. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची ‘खात्री’ हा यावर उपाय नव्हे, कारण अपघात झालेल्यांचीही तशीच खात्री होती. सुरक्षा स्विच बिघडला असेल तर तो बदलावा. त्याच्या वायरी एकमेकींना जोडून तो निरुपयोगी करू नये. ट्रॅक्टर नेहमी आसनावर बसूनच चालू करावा.

दुसरा धोका स्फोटाचा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. यास्तव बॅटरीजवळ विडी पेटवू नये व पाणी पाहण्यासाठी काडी ओढू नये. आम्ल डोळ्यांत किंवा अंगावर उडाल्यास ताबडतोब वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे. डोळ्यांच्या बाबतीत त्यानंतर डॉक्टरांकडे जाण्यात हयगय करू नये.

दुसऱ्या बॅटरीची मदत

अडल्या वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीची मदत घेता येते. मात्र दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असाव्यात आणि दोन्ही ट्रॅक्टर एकमेकांस टेकलेले नसावेत. प्रथम उतरलेल्या बॅटरीचे धन टर्मिनल चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलास जोडावे. दुसऱ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलास व शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, जोडावे. त्यामुळे शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. काढताना हाच क्रम उलट करावा. बॅटरी गोठलेली, फुगलेली किंवा तडकलेली असल्यास ही रीत वापरू नये.

मोटारसायकलीच्या बाबतीत

दूध संकलन केंद्रावर नेण्यासाठी वा बाजाराला जाण्यासाठी घरोघर मोटारसायकल आहे. तिच्या सेल्फचे निदानही वरील क्रमानेच करावे. फरक एवढाच, की तिची बॅटरी फार लहान असते आणि रोज एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत सेल्फने खर्च केलेली वीज भरून निघत नाही. क्लच किंवा साइड स्टँडचा स्विच बिघडला तरी सेल्फ फिरत नाही. तिच्या बंद प्रकारच्या बॅटरीचे झाकण उघडून पाणी घालू नये. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या अँपिअर-तास क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवावा. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर पुरे. ट्रॅक्टरच्या ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस हेच प्रमाण ८ अँपिअर होते. मोठ्या चार्जरवर लहान बॅटरी लावली तर ती तापून फुकट जाते.

वर्षभराची निगा

बैल कामावर नसतानाही त्याची वैरण चुकवता येत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. ट्रॅक्टर उभा असतानाही ती हळूहळू उतरते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे अधिक वेगाने घडते. निगेसाठी पुढील नियम पाळावेत.

उन्हाळ्यात दर पंधरवड्यास व एरव्ही दर महिन्यास पाण्याची पातळी पाहावी. पाणी पट्ट्यांच्या वर १० ते १५ मिलिमीटर असावे. कमी झाल्यास फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीच्या, नळाच्या वा बोअरच्या पाण्यातील क्षारांनी पट्ट्या खराब होतात. वाफ होऊन उडते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून वरून आम्ल कधीही घालू नये.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून अर्थिंगची केबल काढून ठेवावी व महिन्यातून एकदा दाब मोजावा. तो १२.४ व्होल्टच्या खाली गेल्यास पुन्हा चार्जिंग करावे.

बॅटरी तिच्या चौकटीत घट्ट बसवलेली असावी. नांगरटीच्या धक्क्यांनी सैल बॅटरीच्या पट्ट्या झडतात. तिचा वरचा भाग कोरडा व स्वच्छ ठेवावा, कारण ओलसर धुळीतूनही वीज हळूहळू वाहून जाते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करावयाचे असल्यास आधी बॅटरीचे जोड काढावेत.

खरिपाच्या पेरणीपूर्वी मे महिन्यात व रब्बीपूर्वी सप्टेंबरमध्ये वरील सर्व तपासणी एकदा पूर्ण करावी. मोजमापांचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. दाब वर्षागणिक कसा घटतो हे त्यावरून दिसते आणि बॅटरी बदलण्याची वेळ आधीच कळते.

जुनी बॅटरी घरी फोडू नये व तिचे आम्ल शेतात, ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. शिसे हे विष असून लहान मुलांना त्याची बाधा विशेष होते. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सबब ती विक्रेत्याकडे परत करून तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करून घ्यावी.

थोडक्यात, प्रथम जोड, मग बॅटरी, मग केबल व स्विच, आणि सर्वांत शेवटी स्टार्टर, असा क्रम ठेवावा. मोजल्याशिवाय कोणतीही वस्तू बदलू नये आणि कितीही घाई असली तरी जमिनीवर उभे राहून ट्रॅक्टर चालू करू नये. ही तपासणी एका सकाळीत होते. ती पेरणीच्या सकाळी न करता महिनाभर अगोदर केली, तर वापशाचा दिवस वाया जाणार नाही.